खुंटीवर जागा नाही

आमच्या मोहल्ल्यात धंदा कोणी काढत नाही. माणसं उठतात आणि रशियाला मजुरीला जातात. निघताना दारात नानचा एक घास तोडायचा, उरलेला घरच्यांनी खुंटीला टांगायचा आणि परत आल्यावर त्यानंच तो संपवायचा, ही आमची रीत. शेजारच्या सनोबर आपाच्या खुंटीवर तिच्या बापाचा नान अठरा वर्षं लटकतोय.

यंदा तिनं अंगणात तंदूर बांधला, नान विकायला. गल्लीतले तोखिरकाका हसले, "बाईमाणूस तंदुरात वाकणार? भुवया जाळून घेशील!"

"माझ्याच जळतील ना, काका? तुमच्या दाढीला धग नाही लागणार."

पहिल्या आठवड्यात निम्मे नान करपले. नवरा बातिर म्हणाला, "पुरे झाला हा नाद. मी जातो मॉस्कोला." पिशवी घेऊन तो दारात उभा राहिला. निरोपाला काकांसकट गल्ली जमली.

आपानं तंदुरातला गरम नान पुढे केला. त्यानं घास तोडला आणि उरलेला तिच्यापुढे धरला. तिनं हात मागे घेतले.

"माझ्या खुंटीवर जागा नाही. सगळा इथंच संपवा," ती म्हणाली. "आणि हात धुऊन या, पीठ मळायचंय."