कमल सिस्टरसाठी नवा रीडर

कमल सिस्टर पुस्तकातल्या माणसांना मोठ्यानं रागवायच्या. कारंज्याच्या शाळेत नोकरी लागली आणि मी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी खालून आवाज आला, "अवं बाई, तो धोका देऊन राह्यला तुले. काहून जातं त्याच्या मांगं?" मला वाटलं, घरात काही बिनसलंय. डोकावून पाहिलं तर सिस्टर ओसरीवर एकट्याच होत्या. हातात पाटीएवढा ई-रीडर होता आणि त्यात एक कादंबरी उघडलेली होती.

मानोरा तालुक्यातल्या दवाखान्यांत त्यांनी नर्स म्हणून उभा जन्म काढला होता. पोहरादेवीच्या यात्रेत ड्यूटी लागली की उन्हानं भोवळ आलेल्यांना सलाइन लावायचं आणि जरा उसंत मिळाली की पिशवीतलं पुस्तक काढायचं. निवृत्तीनंतर नागपूरच्या लेकीनं, मीनलनं, त्यांना हा रीडर घेऊन दिला. दिवसभर वाचून कंटाळा येत नाही का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "रिकाम्या डोक्यात भांडनं शिरते. म्या तिथं पुस्तकं भरून ठेवली."

मागच्या उन्हाळ्यात मात्र त्यांची कुरकुर सुरू झाली. "हे मशीन म्हातारं झालं, पोरी. मधातलं अक्षरच खाऊन राह्यलं." पडदा खरंच जुन्या पद्धतीचा होता. पार्श्वभूमी करडी, जोडाक्षरांच्या गाठी पुसट. त्या अक्षर मोठं करत गेल्या. पुढे पुढे पानावर जेमतेम दोन ओळी मावू लागल्या. मोतीबिंदू काढलेला होता, चष्माही नवा होता. तेव्हा दोष रीडरचाच, असं आम्हा दोघींचं ठरलं.

मग निवड सुरू झाली. हाताळून बघावा असा रीडर कारंज्यात नव्हता, वाशीमलाही मिळाला नाही. मी फोनवर चित्रं दाखवायची आणि वाचून दाखवायची: याचा पडदा जास्त बारीक ठिपक्यांचा, त्याचा उजेड पिवळसर करता येतो, तिसऱ्याला पान उलटायला बटणं आहेत.

"पेराची सरकीसुदीक हातात घेऊन पाह्यल्याशिवाय कोनी घेत नाई," त्या म्हणाल्या. "अन् डोयासाठीची वस्तू आपन चित्रावरून घेऊन राह्यलो."

"वापरणारे सगळे म्हणतात, याच्यावर अक्षर छापल्यासारखं दिसतं."

"कोनतं अक्षर? ह्याच्यात 'ज्ञ' कसा दिसते, लिहेल हाये काय कुठी?"

मी पुष्कळ शोधलं. तसं कुणी लिहिलेलं नव्हतं. शेवटी सगळ्यांत स्पष्ट पडद्याचा, थोडा मोठा रीडर आम्ही निवडला. मीनलनं तो मागवला. येईपर्यंत सिस्टर जुन्याला हात लावेनात. अर्धी राहिलेली कादंबरी त्यांनी नव्यासाठी राखून ठेवली.

रीडर आला त्या दिवशी मी शाळेतून थेट त्यांच्याकडे गेले. पडदा उजळला आणि मी हरखून गेले. 'ज्ञ' अगदी कोरून काढल्यासारखा दिसत होता. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला, खिडकीकडे वळवला, चष्मा पुसला. मग मांडीवर ठेवला.

"तुले सगळं दिसते?"

"हो."

"सगळंच?"

मी हळूच हो म्हटलं. त्यांनी रीडरवरून हात फिरवला. मग नर्स रोग्याच्या नातेवाइकांशी बोलते तशा सुरात म्हणाल्या, "म्हंजे मशीन चांगलं होतं. बिचाऱ्याले उगाच नावं ठेवली."

अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, त्यावर उपाय नाही, कडेचं तेवढं दिसत राहील, असं त्यांनी सांगितलं. मी एकामागून एक विचारत सुटले: इंजेक्शन, ऑपरेशन, नागपूर, मुंबई. सिस्टरनी माझा हात दाबला. "राहू दे. मीबी असंच सांगत होती लोकाइले. डॉक्टरचा आवाज आयकला का समजते."

घरी आल्यावर मी पुस्तक ऐकता येईल अशी सोय फोनवर करून दिली. यंत्राचा सपाट आवाज त्यांनी थोडा वेळ ऐकला आणि बंद करायला सांगितला. मग मी संध्याकाळी वाचून दाखवू लागले. त्या शांत बसून ऐकायच्या, पण कादंबरीतल्या कुणालाही एका शब्दानं बोलायच्या नाहीत. ते मला फार जड जाई. काही दिवसांनी त्यांनीच हात वर करून थांबवलं. "तुहा घसा दुखते अन् माहं मन. जाऊ दे." मी पुस्तक मिटलं. याहून दुसरं काय करावं, ते मला कळलं नाही.

दिवाळीनंतर मीनल त्यांना नागपूरला न्यायला आली. मी बसस्टँडवर पोचवायला गेले. मीनल सामान ठेवायला गाडीत चढली, तशी सिस्टरनी माझी बोटं धरली. पण त्या पाहत होत्या पलीकडे उभ्या असलेल्या वाशीमच्या गाडीकडे. तब्येतीला जप, जेवण टाळू नकोस, असं सगळं त्या गाडीकडे बघूनच सांगत होत्या. माझी बोटं त्यांच्या हातात सैल पडली. निदान जाताना तरी माझ्याकडे बघतील, असं वाटत होतं.

त्यांना ते कळलं असावं.

"रुसू नको," त्या म्हणाल्या. "सरळ पाह्यलं का तुहं तोंडच गायब होते. तुले पाहाचं म्हनूनच मी तिकडं पाहून राह्यली."