पत्तेमास्तरांनी पत्ता विचारला

बावीस वर्षं पोस्टमन, आणि एवढ्या वर्षांत कोणाला एक पत्ता म्हणून विचारला नाही. ही त्याची ऐट होती आणि ती खरीही होती. पाकिटावर नुसतं ‘दातांच्या डॉक्टरांच्या वर, मांजरवाल्या आजी’ असं खरडलेलं असलं तरी पत्र बरोब्बर आजींच्या हातात पडायचं. लोक त्याला पत्तेमास्तर म्हणायचे. ज्या दिवशी दुसऱ्याला पत्ता विचारीन त्या दिवशी पिशवी पोस्टात ठेवून घरी बसेन, असं तो चारचौघांत सांगायचा. माणसाने इतकंही बोलू नये म्हणा, पण बोलायचा.

पुढे दारू लागली. आधी संध्याकाळची, मग दुपारची, मग सकाळी टपाल घेऊन निघण्याआधीची. बायकोने समजावलं, रडून पाहिलं, महिनाभर अबोला धरला. याचं आपलं एकच पालुपद: माझं एक तरी पत्र चुकलंय का?

आणि मग चुकलं. सायकली दुरुस्त करणाऱ्याची मुलगी नर्स व्हायचं म्हणून रात्रंदिवस अभ्यास करत होती. तिचं मुलाखतीचं पत्र याने झोकांड्या खात शेजारच्या बंद घराच्या पेटीत टाकलं. ते शेजारी आठ दिवसांनी परतले तोवर मुलाखत होऊन गेली होती. पोरीचं अख्खं वर्ष पाण्यात गेलं. बापाने ना तक्रार केली ना शिवी दिली. दुसऱ्या दिवशीचं टपाल मुकाट्याने हातात घेतलं आणि याच्यासमोर उभं राहून एकेका पाकिटावरचं नाव वाचून पाहिलं, बस. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं वाटलं याला. घरी येऊन तो ढसाढसा रडला आणि बायकोला म्हणाला, मला कुठेतरी घेऊन चल.

बायको खमकी. तिने डॉक्टरांकडून एक चिठ्ठी आणली: ‘जुन्या वाचनालयाची मागची खोली, गुरुवारी सहा वाजता.’ दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं तिथे बसून एकमेकांशी बोलतात, एवढंच तिला कळलं होतं. “घेऊन वगैरे जाणार नाही,” ती म्हणाली. “स्वतःच्या पायांनी जा. सापडेल ना?” याला हसूच आलं.

पोस्टमन नसता तर तो चुकलाच नसता. सगळं जग ज्याला जुनं वाचनालय म्हणतं ते बाजारापलीकडचं, दुमजली. नवं बांधलं तेव्हापासून ते जुनं झालं. याच्या डोक्यातलं जुनं वाचनालय त्याच्याही आधीचं. ते बंद पडून चौदा वर्षं झालेली, आता तिथे रंगाच्या डब्यांचं गोदाम. पत्तेमास्तर ऐटीत तिथे जाऊन पोचले, तर दाराला हे एवढं कुलूप.

सहाला दहा मिनिटं कमी होती. खरं सांगायचं तर त्याला आधी सुटल्यासारखंच वाटलं. आलो होतो, बैठकच नव्हती, माझा काय दोष? समोर गुत्ता होता, चार पावलांवर. दोन दिवस त्याने थेंब घेतला नव्हता आणि अंगाला नुसता कंप सुटला होता. आज त्या दारातून आत गेलो तर पुढचा गुरुवार आपल्यासाठी उगवायचा नाही, हे त्याला लख्ख कळत होतं. आणि गुत्त्याला लागून दुकान होतं ते नेमकं त्या सायकलवाल्याचं.

तो रस्ता ओलांडून गेला आणि सायकलवाल्यासमोर उभा राहिला. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. त्यांच्यादेखत त्याने विचारलं, “दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठे भरते हो? मला सापडत नाहीये.”

सायकलवाल्याच्या हातातला पाना तसाच राहिला. गिऱ्हाईकं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात आतून मुलगी बाहेर आली आणि पायांत चपला सरकवत म्हणाली, “चला काका, मी सोडते.”

बाजारातून, ओळखीच्या शंभर माणसांसमोरून ती त्याच्या बरोबरीने चालली. मागच्या खोलीच्या दाराशी आल्यावर ती म्हणाली, “मी पुन्हा अर्ज केलाय. पत्र तुम्हीच आणायचं.” तो आत गेला.

पत्र दहा महिन्यांनी आलं. त्या दहा महिन्यांत त्याने एकही गुरुवार चुकवला नव्हता आणि एक थेंबही घेतला नव्हता. त्या दिवशी त्याने सगळ्यांत आधी ते एकच पत्र पोचवलं आणि ती ते फोडेपर्यंत तिथून हलला नाही. सायकलवाल्याने या वेळी पाकिटावरचं नाव वाचलं नाही.

पिशवी अजून त्याच्याच खांद्यावर आहे. चिठ्ठीवरचा पत्ता डॉक्टर बदलायला निघाले होते. त्यांनी तो ‘बाजारापलीकडचं दुमजली वाचनालय’ असा बदललाही. तरी आपल्यासारखा एखादा शहाणा असेलच, म्हणून हा दर गुरुवारी साडेपाचला रंगाच्या गोदामासमोर जाऊन उभा राहतो. बायको थट्टा करते, पण गुरुवारचा शर्ट तीच इस्त्री करून ठेवते आणि शेजारणींना सांगते, आमचे हे ड्यूटीवर गेलेत.

परवा ती मुलगी दवाखान्यातून परतत होती, अंगावर नर्सचा पांढराशुभ्र गणवेश. त्याला बघून थांबली.

“काका, आज आलं का कोणी चुकून?”

“एक जण आला होता,” पत्तेमास्तर म्हणाले. “आत्ताच दारापर्यंत सोडून आलो.”