देव्हाऱ्यातलं चेकबुक

आधी पदर तोंडावर जायचा, मग मान जराशी कलायची, आणि मग शब्द यायचे, "राग मानू नका, एक इचारू?"

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याला प्रश्न विचारण्याआधीच माफी मागावीशी वाटते. आमची शेजारीण तशी होती. आमच्या खोल्यांची सगळी रांग तिला वहिनी म्हणायची. भाजीवाल्याला भाव विचारतानाही तिचं हेच, दवाखान्यात नंबर विचारतानाही हेच. एकदा दारात आडवी बसलेली गाय उठेना, तर तिलाही म्हणाली, "राग मानू नको माय, जाऊ दे मला." आम्ही बायका हसून हसून बेजार झालो. गाय मात्र उठली.

आम्ही सुरतेत, कतारगामात राहायचो. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमागं मालक शेठच्या खोल्यांची रांग होती, भिंतीला भिंत. तिचे आणि माझे यजमान एकाच शेडमध्ये लूम चालवायचे. लूमच्या खडखडाटानं फळीवरची भांडी दिवसभर थरथरायची, नव्या माणसाला झोप लागायची नाही, आणि आम्हाला वीज गेली की जाग यायची. मी अमळनेरची, ती शिंदखेड्याकडची. दोघी खानदेशातल्या, त्यामुळं माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं.

घाबरायची ती सगळ्यालाच. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत बाहेर ओट्यावर येऊन बसायची. पोस्टमन दिसला की दार लोटायची, कारण त्याचे कपडे खाकी. पण हाताला विसावा नव्हता हो तिच्या. साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आणायची, आणि इतकी सरळ रांग लावायची की कारखानदार तिची साडी दुसऱ्या बायकांना नमुना म्हणून दाखवायचा. त्या टिकल्यांचे पैसे ती बँकेत ठेवायची.

आता हे खातं कसं उघडलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातच अडकलंय. तेव्हा बँकेत खातं काढायचं तर बँकेच्या जुन्या गिऱ्हाईकाची सही लागायची, की हो, मी या माणसाला ओळखतो. परमुलखात आम्हाला ओळखणार कोण? शेठच. शेठनं तिच्या कागदावर सही केली, आणि पासबुकाबरोबर एक चेकबुकही हातात आलं. तिनं मागितलं नव्हतं. आणि चेकबुक घेतलं की खात्यात जास्त पैसे राखून ठेवावे लागतात, हे कुणी सांगितलंही नव्हतं.

त्या चेकबुकाचं तिनं काय केलं, ऐका. सुरतेत दिवाळीला व्यापारी हिशेबाच्या वह्यांची पूजा करतात. शेठच्या ऑफिसात तिनं ती पाहिली होती. तिच्याकडं वही कुठली? मग तिनं चेकबुकच लक्ष्मीपुढं मांडलं, ओल्या कुंकवानं त्यावर स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, फूल ठेवलं. तेव्हापासून ते देव्हाऱ्यात कायमचं राहायला आलं.

मी म्हटलं, "अगं, ते पूजेसाठी नसतं. पान फाडायचं, रक्कम लिहायची, सही करायची."

"ताई, राग मानू नका, एक इचारू? पान फाडलं म्हणजे पैसा गेला ना?"

"गेला."

"मग फाडायचं कशाला?"

मी चेकबुक होतं तिथं, देव्हाऱ्यात ठेवून दिलं.

मग प्लेगचं वर्ष आलं. गणपती बोळवले न बोळवले तोच ती बातमी सुटली. मेडिकलच्या दुकानांतून कॅप्सूल संपल्या, जो तो नाकाला रुमाल बांधून स्टेशनकडं पळायला लागला. खरं सांगते, त्या दिवशी सगळं सुरत तिच्यासारखं झालं होतं. तिनं खात्यातले बहुतेक पैसे काढून कमरेला बांधले, आणि आम्ही दोन्ही घरं भुसावळकडच्या गाडीत जागा मिळेल तिथं कोंबून घेऊन गावी पोचलो. दसरा झाला तसे हळूहळू परत आलो. मी तर खोलीत पाऊल टाकायला घाबरत होते. तिनं आधी देव्हारा पाहिला. चेकबुक जागच्या जागी होतं.

गावाकडं पैसे खर्चून गेले होते. ती पुन्हा टिकल्या लावायला बसली, कारण थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तिच्या जिवाला एकच घोर, पोट फाडायची पाळी आली तर? शेजारच्या गल्लीत एकीचं तसं झालं होतं, आणि ऐन वेळी पैशासाठी तिच्या माणसाची पळापळ आम्ही बघितली होती. तेव्हापासून वहिनीला त्याच एका गोष्टीची धास्ती बसली होती.

एका दुपारी ती पासबुक घेऊन माझ्याकडं आली. "राग मानू नका ताई, एक इचारू? हे बारीक बारीक पैसे कुणी काढले?"

शाळेत मी फारशी गेले नाही. मराठी वाचायला मी पुड्यांच्या कागदांवर शिकले आणि गुजराती साडीच्या खोक्यांवर. पण आकडे कळायचे. दर काही महिन्यांनी काहीतरी कापलेलं, आणि पुढं तोच एक इंग्रजी शब्द. ती टिकल्यांचे पैसे भरत होती आणि पाठीमागून बँक काढून घेत होती.

"चल, विचारून येऊ," मी म्हटलं.

पहिल्या खेपेला बँकेच्या दारातला बंदूकवाला पाहून ती माघारी वळली, ते घरी आल्यावरच थांबली. दुसऱ्या खेपेला मी तिचा हात धरून ठेवला. काउंटरवरचा पोरगेला कारकून मान वर न करता बोलला, "मासी, चेकबुकवाळुं खातुं छे. पैसा ओछा होय तो कपाय." म्हणजे खात्यात पैसे कमी पडले, म्हणून कापले. आम्ही चेकबुक मागितलंच नव्हतं, असं मी म्हटलं. तो म्हणाला, मग साहेबांना भेटा. साहेब त्या दिवशी नव्हते.

संध्याकाळी तिच्या यजमानांना हे कळलं. भाऊ तसे शांत माणूस, पण त्या दिवशी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज मला ऐकू आला. "खात्यावर सही कुणाची शे? शेठची. बँकेशी भांडशील तर शेठला फोन जाईल. खोली त्यांची, लूम त्यांची. पोरगी बाळंतपणाला येईल ती काय रस्त्यावर उतरेल?"

भिंतीच्या अलीकडं मलाही भीती वाटायला लागली. माझी खोलीही शेठचीच होती ना.

मला वाटलं, संपलं आता. पण दोन-चार दिवसांनी ती नवं लुगडं नेसून दारात उभी. हातात रुमालात बांधलेलं काहीतरी. "ताई, पैसे नसले तर पोरीचं काय होईल, त्याचं भेव जास्त वाटतं," एवढंच म्हणाली.

बँकेत या खेपेला मॅनेजर साहेब भेटले, गुजराती, चष्मेवाले, घाईतले. त्यांनी खात्याचा कागद काढून पाहिला आणि म्हणाले, "तुमची ओळख तर या शेठनी दिली आहे. थांबा, त्यांनाच विचारतो." आणि हात फोनकडं गेला.

वहिनीचा पदर तोंडावर गेला. मला वाटलं, आता ही पळणार. पण पदराआडून आवाज आला, "साहेब, राग मानू नका, एक इचारू?" साहेबांचा हात तसाच राहिला. आणि घाबरून ती घरच्या अहिराणीत घसरली, "पैसा मना शेतस, का शेठना?"

आमची अहिराणी आणि त्यांची गुजराती एकमेकींच्या चुलत बहिणी. साहेबांना शब्द न् शब्द कळला. पैसा माझा आहे, का शेठचा? त्यांनी फोनवरचा हात काढला. "तुमचाच आहे, मासी."

मग तिनं रुमाल सोडला आणि चेकबुक टेबलावर ठेवलं. वर सुकलेलं कुंकू, हळदीचे ठिपके, एक वाळकी पाकळी. साहेबांनी ते हातात घेतलं आणि, बघा कसं असतं माणसाचं, उघडायच्या आधी कपाळाला लावलं. सवयच ती. मग स्वतःशीच जरा लाजले. पानं उघडायला गेले तर ओल्या कुंकवानं सगळी एकमेकांना चिकटलेली. एकही फाटलेलं नव्हतं.

"हे तर वापरलेलंच नाही," ते म्हणाले.

"वापरलं कसं नाही?" वहिनी म्हणाली. "दर दिवाळीला पुजते."

साहेब हसले. म्हणाले, अर्ज द्या, मी वर लिहितो, कापलेले पैसे परत येतील. पण खातं साधं करावं लागेल, चेकबुक इथं जमा करा. तिचा चेहरा उतरला. घरातली लक्ष्मी आपल्या हातानं देऊन टाकायची म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक. अर्ज मी मराठीत लिहिला, तिनं अक्षर अक्षर जुळवून सही केली. मग तिनं चेकबुकावर हळूच बोटं टेकली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, पण काय म्हणाली असेल ते तुम्हीही ओळखलं असेल.

पैसे परत आले. सगळे. पासबुकात नोंद झाली तेव्हा मीच तिला बोट ठेवून दाखवली. लेक आली, सुखरूप मोकळी झाली, पोट फाडावं लागलं नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण शेठची स्कूटर वाजली की ती अजून आत पळायची. बाळाला पदराखाली घेऊन कोपऱ्यात उभी राहायची. बँकेनं फोन केला असेल का, शेठला कळलं असेल का, हेच डोक्यात. एक दिवस पाण्याच्या टाकीचं बघायला शेठ रांगेत आले आणि तिच्या दारापाशी थांबले. ती आपण होऊन बाहेर आली. "शेठ, राग मानू नका, एक इचारू? खोली सोडायची का आम्ही?"

शेठ बघतच राहिले. "कोणे कीधुं?" कुणी सांगितलं, एवढंच म्हणाले आणि टाकीकडं गेले. त्यांना बँकेचं काही ठाऊक होतं की नव्हतं, ते आजतागायत आम्हाला कळलेलं नाही. ते कधीच काही बोलले नाहीत, आणि तेच तिला सोसवेना. त्यांनी रागावून घेतलं असतं तर ती राहिली असती, असं मला वाटतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक बाळाला घेऊन सासरी गेली, आणि वहिनीनं भाऊंच्या मागं लागून सुरतेजवळच्या सचिन गावात दुसरं काम धरायला लावलं. कुणी काढलं नव्हतं, तरी निघाले.

टेम्पोत सामान चढलं. मी तिची खोली झाडून दिली. देव्हाऱ्याच्या फळीवर चेकबुकाच्या आकाराची मोकळी जागा होती, भोवती कुंकू सांडलेलं. तिथं मी झाडू फिरवला नाही.

ती टेम्पोच्या मागच्या बाजूला, गाद्यांवर बसली होती. मला जवळ बोलावलं. पदर तोंडावर गेला.

"ताई, राग मानू नका, एक इचारू? आपण खरं होतो ना?"

"खरं होतो," मी म्हटलं.

"मग भेव का वाटतं?"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. कोपऱ्यावर वळेपर्यंत ती मागं बघत होती, मान जराशी कलवून, मी काहीतरी सांगेन म्हणून.