आभाराच्या पानावरची नावं

"नावं कुणी घातली?"

"मी. आभाराच्या पानावर. तुझंबी हाय की."

"माझं नव्हे, साईराज. बायकांची."

"आगं, एवढ्या जणी आपल्याशी बोलल्या. नाव न्हाई घातलं तर रुसतील. लग्नपत्रिकेत चुलत्याचं नाव राहिलं की काय हुतं, ठावं हाय न्हवं तुला?"

ब्राह्मीनं ते पान पुन्हा वाचलं. वडूजजवळच्या गावात, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये त्यांच्या सत्काराची मांडामांड चालली होती. शाली-नारळांशेजारी दोघांच्या एम.ए.च्या पहिल्यावहिल्या संशोधन प्रकल्पाच्या प्रतींचा गठ्ठा, सोनेरी अक्षरांच्या बांधणीतला. फौजींच्या घरात शेतीचं कोण ठरवतं, हा विषय. साईराजचं हे आजोळ, म्हणून अभ्यासाला गाव हेच.

ब्राह्मी सांगलीकडची, जैन शेतकऱ्याची पोर. सुरुवातीला ती प्रश्नावली घेऊन घरोघर हिंडली, तर सोप्यात खुर्ची टाकून उत्तरं दीर द्यायचे आणि बाई दाराआड. निम्मे कागद तिनं तसेच भरले. मग एका दुपारी ते वाचताना तिला स्वतःचीच किळस आली. कागद फाडून ती बायकांबरोबर शेतात तण काढायला, भांगलायला बसली. हातात खुरपं आलं तशा बायका बोलू लागल्या. तुमचं नाव कुठं येणार नाही, असा तिनं प्रत्येकीला शब्द दिला होता. छपाईचं तेवढं साईराजवर सोडलं, आणि त्यानं ही घाण करून ठेवली. आभारात मोजक्याच बायका, त्यांत हवालदाराची बायको एकटी रेश्मा. आत प्रत्येक बोलण्याखाली नवऱ्याचा हुद्दा होताच; कुठलं बोलणं कुणाचं, हे शेंबडं पोरही सांगेल.

मार्गदर्शक विश्वजीत सर सरपंचांच्या शेजारी पेढा चघळत, गालातल्या गालात हसत बसले होते. ब्राह्मी गठ्ठा उचलायला धावली, पण रेश्माचा धाकटा दीर सयाजी एक प्रत उघडून बसलाच होता. त्यानं मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'ह्यांचा फोन आला की आधी भावजी बोलत्यात. मग त्यांच्याच पुढ्यात उभं राहून मी बोलायचं. बॉर्डरवर ह्ये हायती का मी, कळत न्हाई.' एका हवालदाराची पत्नी."

रेश्मा बायकांच्या घोळक्यात मागं बसली होती. सयाजीनं तिच्याकडं मान वळवली.

"वैनी, ह्ये तुमी बोलला?"

रेश्मानं पदराचं टोक मुठीत आवळलं. 

"त्या नाही बोलल्या," ब्राह्मी म्हणाली. "मी मनानं लिहिलं."

सयाजी दात काढून हसला. शिकलेल्या पोरी अशाच लोकांची घरं फोडत्यात, असं शेजाऱ्याला ऐकवून त्यानं हातातली प्रत टेबलावर भिरकावली. रेश्माची मूठ सैल झाली. ब्राह्मीला त्या हसण्याची शिसारी आली, नि त्याच्याबरोबर हसणाऱ्या साईराजची त्याहून जास्त.

सर उठून जवळ आले. दातांना पेढा चिकटलेला.

"मनानं लिहिलंस? मग हा प्रकल्प मला रद्द करावा लागेल. वर्ष जाईल तुझं, कळतंय? खरं काय ते सांग, ब्राह्मी."

सयाजी कान देऊन उभा होता.

"मनानंच लिहिलंय, सर," म्हणत ब्राह्मीनं उंबऱ्यापाशी चपला पायात सरकवल्या आणि ती बाहेर पडली.