सहीपर्यंत न पोचलेली फाइल

काल तहसील कचेरीत एका म्हातारीने आपला अर्ज टेबलावर ठेवला. कारकुनाने तो न वाचताच गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

"आजी, साहेब दौऱ्यावर आहेत. पुढच्या सोमवारी या."

"तोवर असले तर येईन बाबा," ती हसत म्हणाली.

मला हसता आलं नाही. कागद असेच खाली सरकवण्यात माझी उभी नोकरी सरली.

मी राज्यपालांच्या कार्यालयात होतो. लोकांना राज्यपाल म्हणजे शपथविधी आणि पदवीदानाची भाषणं एवढंच ठाऊक असतं. पण कैद्याची उरलेली शिक्षा माफ करायची, तर त्यांचीच सही लागते. अशी एक फाइल सरकारची शिफारस घेऊन माझ्याकडे आली. कैदी म्हातारा होता, आजारी होता. तेव्हा भाषणांची धांदल चालली होती. मी फाइल खणात ठेवली आणि विसरलो. तीन आठवड्यांनी त्याची बायको आली, म्हणून मला फाटकावर पाठवलं.

"कागद आता नको, साहेब," ती म्हणाली. "माणूस गेला."

राज्यपालांनी विचारलं, तेव्हा फाइल मंत्रालयातूनच उशिरा आली असं मी सांगितलं. वर्तमानपत्रांनी मात्र त्यांनाच निर्दयी ठरवलं. ते गप्प राहिले. आता ते हयात नाहीत, म्हणून लिहून ठेवतो: तो कागद त्यांच्यासमोर कधी गेलाच नाही. माफी द्यायचा अधिकार घटनेने त्यांना दिला होता. ती नाकारली मी, आणि तीसुद्धा कागद पुरता न वाचता.