सीलबंद कसर

माझे धाकटे दीर न्यायालयाच्या मुद्देमाल खोलीत कारकून आहेत. खटल्यातल्या वस्तू निकाल लागेपर्यंत सांभाळायच्या, हे त्यांचं काम. बावीस वर्षांत एक चाकू इकडचा तिकडे झाला नाही. कचेरीत त्यांना ‘कुलूप’ म्हणतात, आणि घरीही ते फारसे उघडत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी एका दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मी हातातलं काम ठेवलं.

“वहिनी, लोकरीतून असं काही पडतं का?”

कागदाच्या पुडीत खसखशीसारखे हिरवे कण होते.

“कसर लागलीय. ज्या रंगाची लोकर खाते, त्याच रंगाची शी करते ती अळी. तुमच्याकडे हिरवं काय आहे?”

मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. एक तरुण नाहीसा झाला होता. प्रेत मिळालं नाही, मिळाला तो त्याचा हिरवा स्वेटर, आरोपीच्या घरात. पाठीवर सुरीची एक चीर आणि चिरेभोवती तळहाताएवढा रक्ताचा डाग. कापडात शिवून, लाखेचं सील मारून तो भाऊजींच्या फडताळात आला. तपासणीला पाठवायचं आज-उद्या करत राहूनच गेलं. आरोपीविरुद्ध भक्कम असं तेवढंच होतं.

मी माझं ज्ञान पाजळायला लागले. “कडक ऊन दाखवा, शिवणी ब्रशने झाडा. डांबरगोळ्या कपड्यांच्या वर ठेवायच्या, वास खाली उतरतो. पण न धुता ठेवलाच कसा? अळी आधी डागावर येते. घाम असो, सांडलेलं काही असो, जिथे लागलेलं असेल तिथूनच ती...”

भाऊजी पुडीची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सील उघडण्याची परवानगी मागितली. साहेब हसले.

“किड्यांसाठी सील तोडायचं? उद्या आरोपीचा वकील म्हणेल, भोकं कुलपानेच पाडली.”

“मग न्यायाधीशांपुढे अर्ज ठेवा, साहेब.”

“ठेवू की. तारीख तर येऊ दे.”

तारीख अडीच महिन्यांवर होती.

भाऊजी रोज फडताळ पुसत आणि रोज फडक्याला हिरवं लागे. संध्याकाळी ताटावर बसले की मी नुसतं बघायची. “कालच्यापेक्षा जास्त,” एवढंच म्हणायचे. जेवण निम्म्यावर आलं होतं.

“किल्ली तुमच्याच खिशात आहे ना?” मी एकदा न राहवून म्हटलं.

“म्हणूनच उघडता येत नाही, वहिनी.”

मग एक दिवस म्हणाले, “आज काहीच पडलं नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. “थांबलं म्हणायचं.”

“खाऊन झालंय त्यांचं. खोलीत पतंग उडतायत.”

तारखेला सील शाबूत निघालं, तशी नोंदही झाली. स्वेटर उचलला तर जाळ्यासारखा लोंबला. डाग कुठे दिसेना, कारण डागाच्या जागी लोकरच उरली नव्हती.

“यातली सुरीची चीर कुठली, ते दाखवता का?” आरोपीच्या वकिलाने अगदी मऊ आवाजात विचारलं.

पुढच्या बाकावर त्या तरुणाची आई होती. स्वेटर तिनेच विणलेला. भाऊजींना जागा पाठ होती, मानेखाली चार बोटं. त्यांनी हात नेला आणि तो पलीकडून बाहेर आला.

“सांगता येत नाही,” ते म्हणाले.

त्या बाईने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, असं भाऊजी सांगतात. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असंही सांगतात.

आरोपी सुटला. त्यानंतर तो कचेरीच्या वाटेवर रोज भेटायचा, हात जोडायचा. “साहेब, फार नीट सांभाळलंत,” म्हणायचा. महिनाभर ऐकून घेतलं, मग भाऊजींनी वाट बदलली. बाजारामागून लांबचा वळसा पडतो, पण जायला लागले.

काल तो तिथेही उभा होता. हात जोडून झाल्यावर त्याने विचारलं, “घरी वहिनी बऱ्या आहेत ना?”