दंडावर काही उठलंच नाही

लस टोचून घेतली आणि मला काहीच झालं नाही! ताप नाही, अंग मोडून येणं नाही, दंड साधा दुखलासुद्धा नाही. बारामतीच्या ज्या दवाखान्यात मी परिचारिका आहे, तिथं आम्ही सगळ्यांनी एकाच दिवशी कोरोनाची लस घेतली. दुसऱ्या दिवशी निम्म्या जणी गोळ्या खाऊन पांघरुणात, आणि मी आपली सकाळच्या पाळीला ठणठणीत हजर. म्हटलं, चला, आपलं नशीब जोरावर!

पण घरी कन्हेरीत सासरे वाट बघत बसले होते ना! आबांना साखर, वर दमा. असल्या माणसाचं कोरोनात काय होतं, ते मी वॉर्डात डोळ्यांनी बघत होते. आणि तो घरात आला तर माझ्याच पायांनी येणार, ही धास्ती पोटात कायमची. म्हाताऱ्यांची लस सुरू झाली की आबांना पहिल्यांदा नेऊन बसवायचं, हे मी ठरवूनच टाकलं होतं. आबांचं म्हणणं एकच, "आधी तुझी लागूदे, मग बघू."

दारात पाऊल टाकलं तसे म्हणाले, "दंड दाव."

दाखवला. सुईचा ठिपकासुद्धा उरला नव्हता.

"ताप?"

"नाही आला, आबा."

"मग तुला लागलीच न्हाय की!"

त्यांनी बंडीची बाही वर सारली. लहानपणी देवी काढल्या होत्या त्याचे रुपयाएवढे वण अजून दंडावर आहेत. त्या काळी देवीची लस टोचली की फोड उठायलाच हवा. नाही उठला तर वाया गेली, परत टोचा. "माजा दंड टम्म फुगला हुता. आईनं साऱ्या आळीला दावला. आन् तुला साधी पुटकुळी न्हाय? सुईत पाणी भरलं आसंल त्येंनी!"

"अहो आबा, ती लस वेगळी, ही वेगळी! ताप येवो न येवो, ही आत तिचं काम करते." सांगून सांगून माझा घसा बसला. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढून म्हणाल्या, "कशाला डोकं फोडून घेतीस? दगडाला पाझर फुटंल, ह्येंना न्हाय." संताप संताप झाला नुसता!

दुसरी सुई घेतली आणि संध्याकाळी हुडहुडी भरली. दातावर दात वाजायला लागले. थर्मामीटर काढून बघितला आणि काय सांगू, पांघरुणासकट ओसरीवर पळत सुटले. "आबा! आला! ताप आला!"

ताप आला म्हणून नाचणारी बाई त्या घरानं पहिल्यांदाच पाहिली असेल. आबांनी कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहरा असा फुलला म्हणता! "आत्ता कसं! भट्टी पेटलीया भट्टी!" लगेच इंदापूरला नणंदेला फोन, "तुज्या वैनीला लागली बरं का!" मी कुडकुडत ओरडतेय, "आबा, ताप आला म्हणजेच लागली असं नसतं हो!" पण ऐकतंय कोण? आत्या ओल्या फडक्याची घडी माझ्या कपाळावर ठेवत दोघांनाही शिव्या घालत होत्या.

म्हाताऱ्यांची लस तोवर सुरू झालेली. परीटघडीचं धोतर नेसून आबा माझ्याच पाळीत आले. सुई मीच टोचली. माझे हात आनंदानं हलायला लागले, तर म्हणतात कसे, "नीट धर गं, पयलीच येळ हाय का तुझी?"

आणि गंमत बघा, आबांना काहीच झालं नाही! ताप नाही, गाठ नाही. सारखे आरशात दंड बघायचे आणि रुसून बसायचे. "मला लागली न्हाय. परत टोच."

मग गावात लाट आली. मला सर्दी झाली, तपासलं तर कोरोना. दोनच दिवसांत आबा खोकायला लागले. बारामतीत खाट मिळेना, इंदापुरात मिळेना. मास्क बांधून मी त्यांच्या बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायची आणि आकडा येईपर्यंत माझाच श्वास अडकायचा. आकडा खाली आला नाही. एका सकाळी आतून गर्जना आली, "ह्यो चा हाय का कारखान्याची मळी?" मी हसत हसत रडले.

लस नसती तर काय झालं असतं, हे छातीठोक कोण सांगणार? पण वॉर्डात तशीच दम्याची माणसं मी बघितली होती, लस न घेतलेली.

बरे झाल्यावर आबा ओसरीवर येऊन बसले. मला हाक मारली. "दंड दाव."

मी बाही वर केली. तिथं काहीच नव्हतं, पहिल्या दिवशी होतं तसंच. त्यांनी त्यावर आपला खरबरीत तळवा ठेवला.

"पयल्या बारीलाच लागली हुती गं तुला," म्हणाले. "म्याच ऐकलं न्हाय."

त्यांनी हात काढला नाही, आणि मीही दंड मागं घेतला नाही.